एकसारखं काडतूस, नेमका नेम

२००२ साली राष्ट्रकुल स्पर्धा मँचेस्टरला झाल्या, पण नेमबाजी भरली होती दूर, सरे परगण्यातल्या बिझलीला. तिथे आपल्या अंजली भागवतांनी चार सुवर्णपदकं मिळवली. त्याच बिझलीत काही नेमबाज स्वतःच्या हातांनी भरलेली काडतुसं घेऊन येतात. तुमच्याही घरात कुणी रायफल क्लबला जात असेल, तर हे काय प्रकरण आहे ते आज समजून घेऊ या.

काडतुसात चार गोष्टी असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. अंजलीताईंच्या पॉइंट टू-टू रायफलीचं काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण त्याचा ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच असतो. तिथे नेमबाज कारखान्याचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जो जमतो तो साठवतात. मोठ्या रायफलीचं काडतूस मात्र भरता येतं.

पुष्कळांना वाटतं, दारू जास्त म्हणजे नेम चांगला. तसं नाही. नेम येतो एकसारखेपणातून. बिझलीला हजार यार्डांवर मारा करताना वेगात थोडा फरक पडला, तरी गोळी वीतभर वर किंवा खाली जाते. म्हणून दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग, आणि तोलायचं त्याच्याही दहाव्या हिश्शापर्यंत!

पद्धत आपल्या चकलीच्या भाजणीसारखी. बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय चुकलं ते कळत नाही. प्रत्येक बदल वहीत लिहायचा. आणि तीन गोळ्या एका भोकात गेल्या म्हणून नाचायचं नाही. तो योगायोग असू शकतो. दहा-वीस गोळ्यांनंतर खरं चित्र दिसतं.

पण चकली बिघडली तर फराळ बिघडतो. इथे दारू जास्त झाली तर रायफल फुटून डोळा किंवा हात जाऊ शकतो. म्हणून दारू बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या तक्त्यातल्या किमान मापापासूनच सुरुवात करायची. टोपी किंवा गोळी बदलली, की पुन्हा खालून. आंतरजालावरचं कुणाचंही माप उचलायचं नाही. भरताना फोन नको, गप्पा नकोत, मुलं जवळ नकोत.

या देशात रायफल आणि तिची काडतुसं बाळगायला पोलिसांचं फायरआर्म सर्टिफिकेट लागतं. काडतुसं किती ठेवता येतील, तेही त्यावर लिहिलेलं असतं. घरी भरलेली काडतुसंही त्या आकड्यात धरली जातात.

तेव्हा शिकायचं असेल तर आधी क्लबमधल्या जाणत्या माणसाशेजारी बसा, नुसतं बघा. घाई करू नका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!