गोधडीची किंमत किती?

"हे काय विकायचं असतं?" गोधडीवरून हात फिरवत मी स्वतःलाच विचारायची. मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटमध्ये दुपारी जुन्या सुती साड्यांचे थर जुळवायचे, धावदोरा घालायचा आणि गोधडी झाली की कुणाच्या तरी बारशाला देऊन टाकायची. कुणी किंमत विचारलीच तर "छे हो, घरचंच आहे" म्हणून मोकळी व्हायची.

दिल्ली हाट इथून लांब नाही. मुनिरक्याहून मेट्रोने निघून हौज खासला गाडी बदलली की आयएनए. १९९४ साली सुरू झालेल्या या बाजारात कारागिरांना ठराविक दिवसांसाठी आळीपाळीने गाळे मिळतात, म्हणून दर वेळी नवे चेहरे. मी कितीदा गेले, पण गिऱ्हाईक म्हणूनच! बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, राजस्थानची रल्ली उलटसुलट करून पाहायची. टाका तोच, जुन्या कापडाला जीव देण्याची रीतही तीच. मग आपलीच गोधडी तेवढी 'घरचं काम' कशी?

एकदा धीर करून पिशवीतलं दुपटं सुजनीवाल्या बाईंपुढे ठेवलं. त्यांनी आधी उलटी बाजू पाहिली. (जाणकार बाई उलटी बाजूच बघते.)

"दिन कितने लगे?"

"नौ."

"और दाम?"

मी गप्प. मग त्यांनीच हिशेब मांडला. कापड, दोरा, नऊ दिवसांची मजुरी, जाण्यायेण्याचं भाडं. आकडा बघून मला घामच फुटला. आजवर मी मजुरी धरलीच नव्हती. आपल्या वेळेला मोल नाही, हे मीच ठरवून बसले होते.

हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयातून कारागिराचं ओळखपत्र मिळतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. परत येताना 'लिज्जत'ची आठवण झाली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी पाकिटं झाली अवघी चार. त्यांना तरी कुठे खात्री असेल? पण त्या सात होत्या, मी एकटी.

म्हणून आधी शेजारी विचारलं. खालच्या मजल्यावरच्या तमिळ मामी क्रोशाचं काम करतात, समोरच्या बंगाली वहिनी कांथा. दोघीही म्हणाल्या, "आमचं कोण घेणार?" ऐकून हसूच आलं. आता गुरुवारी दुपारी आम्ही एकत्र बसतो, एकमेकींचे दर ठरवतो. दुसरीचा दर ठरवायला कुणालाच लाज वाटत नाही, ही त्यातली गंमत.

पहिल्या गोधडीला चिठ्ठी लावताना मी आकडा दोनदा खोडला. तिसऱ्यांदा वहिनींनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि सुजनीवाल्या बाईंचाच आकडा लिहिला.