सलाईनच्या बाटलीत ताकद नसते

"सिस्टर, फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा ना!" नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी ही विनवणी कानावर पडते. तिला उत्तर द्यायचं तर बाटलीत काय असतं हे आधी आपल्याला पक्कं माहीत हवं.

नॉर्मल सलाईन म्हणजे 0.9 टक्के मिठाचं पाणी. 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि कॅलरी शून्य. 5 टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त देते. तरीही रुग्णाला बरं वाटतं, कारण अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ते भरून निघतं, शिवाय दोन-चार तास सक्तीची विश्रांती मिळते. रक्तक्षयाने थकलेल्या बाईला मात्र त्याचा काही उपयोग नाही. तिचं हिमोग्लोबिन तपासायला हवं.

"फायदा नसला तरी तोटा काय?" हा समज तर घातकच आहे. हृदय किंवा मूत्रपिंडं कमजोर असतील तर जादा पाणी फुप्फुसांत साठतं आणि धाप लागते. म्हणून वेगाला महत्त्व. 500 मिली चार तासांत द्यायचं असेल आणि सेट मिलीला 20 थेंबांचा असेल, तर मिनिटाला सुमारे 42 थेंब. मिलीला किती थेंब ते सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, दरवेळी वाचा. बाटली लवकर संपावी म्हणून नातेवाईक चाकी सैल करतात, तिकडेही लक्ष ठेवा.

हातात सुई राहते असं समजून रुग्ण हात ताठ धरून बसतात. सुई काढून घेतलेली असते, आत राहते ती मऊ प्लास्टिकची नळी, हे त्यांना सांगा.

आणि जुलाबांना सलाईनच लागते असंही नाही. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांना पाजला. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चारच्या आत आलं. ग्लुकोजसोबत आतडं मीठ आणि पाणी शोषून घेतं, तोंडाने द्यायच्या या द्रावणाचं, म्हणजेच ओआरएसचं, सगळं बळ त्यातच आहे. मात्र जुलाबांनी रुग्ण गळून गेला असेल, शुद्ध हरपत असेल किंवा पोटात काहीच ठरत नसेल, तेव्हा सलाईनला पर्याय नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी सलाईन मागितली, तर काय खाल्लं-प्यायलं आणि लघवी किती झाली हे विचारा, नाडी आणि रक्तदाब पाहा, मग डॉक्टरांना कळवा.