एका सभेला एकच लेख

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबहून बोलतोय. आज बचत आणि कर्जाऐवजी थोडं पुस्तकांबद्दल बोलू.

मागे एकदा आम्ही वाचनालयातून विचारपर लेखांची चार-पाच जाड पुस्तकं आणली. गटात वाटली आणि सांगितलं, पुढच्या सभेला वाचून या. पुढच्या सभेला तेरा जणींपैकी सहाच आल्या. बाकीच्यांच्या घरी गेलो, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "माय, मी चौथी शिकली. दोन पानं झाली का डोये मिटते. सभेत इचारलं तं काय सांगू?" पुस्तकाच्या धाकानं सभा चुकली, त्या महिन्याची बचतही चुकली. चूक त्यांची नव्हती, आमची होती.

गोष्टीचं पुस्तक एका बैठकीत वाचून होतं, कारण पुढे काय झालं याची ओढ असते. विचारपर लेखाचं तसं नाही. लिहिणारी व्यक्ती एखादी साधी गोष्ट घेते, जसं झाड, पाऊस, म्हातारपण, आणि तिच्यावर आपल्यासमोर विचार करत जाते. लेख संपला की आपलं काम सुरू होतं. म्हणून असे दहा लेख लागोपाठ वाचले तर एकही नीट लक्षात राहत नाही.

विनोबा भाव्यांची 'गीता प्रवचने' ऐकून तुम्हाला माहीत असतील. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं त्यांनी सोबतच्या कैद्यांना दिली. साने गुरुजी तिथेच कैदेत होते, त्यांनी ती लिहून घेतली. एक विचार ऐकायचा आणि आठवडाभर मनात घोळवायचा, असं ते चाललं. जे सांगायलाच अठरा आठवडे लागले, ते आपण दोन रात्रींत संपवायची घाई कशाला?

आमच्या गटात निरनिराळ्या धर्मांच्या बाया आहेत. म्हणून आम्ही सगळ्यांच्या ओळखीच्या विषयापासून, दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'पासून सुरुवात केली. हे पुस्तक १९५६ साली आलं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत झाडं, फुलं, पाखरं, आभाळ कसं बदलतं, ते त्यांनी महिन्यामागून महिना लिहिलं आहे. म्हणून ज्या महिन्याचा लेख, तो त्याच महिन्यात वाचायचा असं ठरवलं. पुस्तकाला वर्ष लागलं तर लागू द्या.

आमची पद्धत सांगतो. सभेचं कामकाज आटोपलं की पंधरा मिनिटं वाचन. जिला सराव आहे ती मोठ्यानं दोन-तीन पानं वाचते, बाकीच्या ऐकतात. दुर्गाबाईंची भाषा कुठे कुठे जड आहे. शब्द अडला की थांबतो आणि आपल्या बोलीतला शब्द शोधतो. मग तीनच प्रश्न: यातलं आपण काय पाहिलंय? काय नवीन कळलं? काय पटलं नाही? पटलं नाही म्हणायची सगळ्यांना मोकळीक. शेवटी एक ओळ वहीत लिहितो. ज्यांना लिहिता येत नाही त्या सांगतात, दुसरी लिहून घेते.

दुसरं एखादं पुस्तक असेल तर क्रमानंच वाचलं पाहिजे असं नाही. आधी अनुक्रमणिका मोठ्यानं वाचा आणि ज्या नावाशी मन अडेल तिथून सुरू करा. कळला नाही तो लेख बाजूला ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा काढा. एकच लेख दोनदा वाचण्यात कमीपणा नाही.

गटात एक ताई होत्या. चार वर्षं सभेत यायच्या, सही करायच्या आणि निघायच्या. फाल्गुनात पळसावर बोलणं निघालं तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. अडाण नदीकडच्या वाटेवर कोणता पळस आधी फुलतो, पाखरं त्यावर कोणत्या वेळी येतात, सगळं सांगितलं. आम्ही रोज त्याच वाटेनं जातो, पण ते पाहिलं नव्हतं. पुढच्या सभेत त्यांनीच विचारलं, "माह्या कर्जाचं व्याज कसं लावलं, ते मले वही उघडून दाखवा." वही उघडली. हिशोब बरोबर होता. पण इतकी वर्षं न विचारता सही होत होती, हे आम्हालाही तेव्हाच उमगलं.

निसर्गाबद्दल इतक्या शांतपणे लिहिणाऱ्या दुर्गाबाई १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या आणि आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या. नीट पाहण्याची सवय लागली की नीट विचारण्याचीही लागते, असं आम्हाला वाटतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या सभेच्या विषयांत सगळ्यात शेवटी लिहा: वाचन, पंधरा मिनिटं. पुस्तक एकच पुरे, लेखही एकच. आणि घरी वाचून आणायला कुणालाही सांगू नका.