चौथीतला सुळा

टूथपेस्ट आणि टूथब्रशवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ला १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला आणि वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा पूर्णच गेला. दात सांभाळणं आता स्वस्त झालं, असं तेव्हापासून बरेचदा कानावर येतं. पेस्टच्या नळीमागे चार पैसे वाचतात हे खरंच आहे. पण ज्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलीचे वरचे दात ओठांत मावत नाहीत, त्या घराला धडकी भरते ती तारांच्या खर्चाची. तिथवर ही करकपात पोचत नाही आणि विमाही पोचत नाही. बहुतेक पॉलिसींत दातांचे उपचार बसतात ते अपघात होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच. तारा लावणं हा विमा कंपन्यांच्या लेखी हौसेचा मामला, आणि सरकारी योजनांचीही नजर फारशी वेगळी नाही. माझा आक्षेप या नजरेला आहे.

आधी पैशांचं बोलू. पुण्या-मुंबईत खासगी दवाखान्यात धातूच्या साध्या तारांना साधारण ३० ते ६० हजार रुपये लागतात. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटना त्याहून जास्त, आणि पारदर्शक अलायनरचा आकडा लाखाच्या पुढे सहज जातो. डॉक्टर लुटतात, असं म्हणून मोकळं होणं मात्र अन्यायाचं ठरेल. ब्रॅकेटचा संच त्या मानाने स्वस्त असतो, महाग असतो तो माणसाचा वेळ. उपचार दीड-दोन वर्षं चालतो. दर चार ते सहा आठवड्यांनी रुग्ण खुर्चीत येतो, तार बदलते, रबर बदलतात, निघालेलं ब्रॅकेट पुन्हा चिकटवावं लागतं. बीडीएसची पाच वर्षं आणि त्यावर एमडीएसची तीन, तीही बहुधा खासगी महाविद्यालयात लाखोंची फी भरून, एवढं करून बाहेर पडलेला तज्ज्ञ शहरातच राहणार. तालुक्याच्या गावी तो ‘व्हिजिटिंग’ म्हणून महिन्यातून एखाद्या ठरलेल्या वारी येतो. मधल्या दिवसांत तारेचं टोक गालात रुतलं, तर मेणाची गोळी लावून पुढच्या तारखेची वाट पाहायची.

स्वस्तातली वाट म्हणजे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर. तिथे हेच काम खासगीच्या काही अंश पैशांत होतं, आणि नीट होतं, कारण प्रत्येक केसवर शिकवणाऱ्या प्राध्यापकाचं लक्ष असतं. सिंधुदुर्गातल्या माणसाला त्यापेक्षा गोव्यातलं बांबोळीचं दंत महाविद्यालय जवळ. पण सोलापूरच्या, गडचिरोलीच्या पालकाने काय करायचं?

अशा महाविद्यालयाच्या ओपीडीत थोडा वेळ बसलं की या उपचाराची खरी किंमत कळते. खुर्चीतल्या मुलाच्या तोंडात गुलाबी अल्जिनेटने भरलेला ट्रे घातला जातो. त्याला उमासा येतो. ‘नाकाने श्वास घे, पाय वर उचल,’ असं सांगत तरुण डॉक्टर ट्रे दाबून धरते. मिनिटा-दोन मिनिटांत तो लगदा घट्ट होतो, ट्रे चटकन खेचून काढला जातो आणि दातांच्या त्या ठशात प्लास्टर ओतायला नेतात. फळीवर असे पांढरे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने केसनंबर. मुलाची आई तोवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत असते: ‘मॅडम, दर महिन्याला यायलाच लागेल का? माझा खाडा पडतो.’

फी माफ करता येते, खाडा माफ होत नाही. दीड-दोन वर्षांत अठरा-वीस खेपा, दर खेपेला आईची रोजी, मुलाची शाळा आणि एसटीचं भाडं. शिवाय केस बघणारी डॉक्टर स्वतः तीन वर्षांच्या एमडीएसची विद्यार्थिनी. तिच्या शेवटच्या वर्षात हाती घेतलेली केस पुढच्या तुकडीच्या हाती जाते, आणि त्या हस्तांतरात काही मुलं गळतात. तारा तोंडात तशाच ठेवून गळालेल्या मुलाचं नुकसान तारा न लावलेल्या मुलापेक्षा जास्त. ब्रॅकेटभोवती अन्न अडकून दात किडतात.

मग सरकारी पैसा कुणासाठी वापरायचा? सगळ्यांच्या दातांना तारा लावाव्यात असं मी म्हणणार नाही. ब्रूक आणि शॉ या ब्रिटिश तज्ज्ञांनी १९८९मध्ये पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी मांडली. पहिल्या पायरीवर उपचाराची गरज नाही, पाचवीवर निकडीची. वरचे दात खालच्या दातांपेक्षा ९ मिलिमीटरहून जास्त पुढे असले, दात हाडात अडकून बसला असला, टाळू दुभंगलेली असली, तर पाचवी पायरी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अठरा वर्षांखालच्या मुलाला चौथ्या आणि पाचव्या पायरीवर तारा मोफत मिळतात, तिसरीवरच्या काही मुलांनाही. जर्मनीतही २००२पासून अशीच प्रतवारी आहे. वडिलांचा पगार किंवा मुलीचं ठरत आलेलं लग्न यातलं काहीही विचारलं जात नाही, मिलिमीटर मोजले जातात. रांग तिथेही लांब आहे, पण कुणाला आधी घ्यायचं याचा हिशेब उघडा आहे.

पुढे आलेल्या दातांचा धोका खरा आहे. मैदानावर पडलेल्या मुलाचे असे दात तुटण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि कायमचा दात तुटला की आयुष्यभराचा खर्च मागे लागतो. उलट, दात सरळ केले म्हणजे कीड थांबते याला भक्कम पुरावा नाही. जाहिरातींत तसं सुचवतात, ते मला खटकतं.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते सुळ्याबद्दल, कारण पैशांच्या विषमतेत वयाची विषमता कशी लपलेली असते ते सुळा दाखवतो. वरचा कायमचा सुळा हाडात फार वर तयार होतो आणि लांबचा प्रवास करून साधारण अकरा-बाराव्या वर्षी तोंडात येतो. शंभरातल्या एक-दोन मुलांत तो वाट चुकतो, टाळूकडे वळतो. कधी कधी तो शेजारच्या दाताचं मूळच खाऊन टाकतो, तेही काही न दुखता. पंधरा-सोळाव्या वर्षी हे लक्षात आलं तर हिरडी उघडायची, अडकलेल्या दाताला साखळी चिकटवायची आणि महिनोन् महिने त्याला खाली ओढत राहायचं. लागणारा पैसाही तेवढाच मोठा.

नवव्या-दहाव्या वर्षी लक्षात आलं तर? स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८मध्ये दहा ते तेरा वर्षांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. वाट चुकलेल्या सुळ्यांच्या खालचा दुधाचा सुळा त्यांनी फक्त काढून टाकला. ४६ कायमच्या सुळ्यांपैकी ३६ आपोआप मार्गावर आले. त्या पाहणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि नंतरच्या काटेकोर चाचण्यांत यशाचं प्रमाण थोडं कमी भरलं, पण दुधाचा दात काढल्याचा फायदा तिथेही स्पष्ट दिसला. म्हणजे एक इंजेक्शन, एक दात काढणं, एक-दोन एक्स-रे. हे काम कुठल्याही जिल्हा रुग्णालयातला दंतचिकित्सक करू शकतो. ओठ वर करून दुधाच्या सुळ्याच्या वरच्या बाजूला हिरडीवर बोट फिरवायचं, फुगवटा लागतो का बघायचं, आणि दोन्ही बाजूंत फरक वाटला तर एक्स-रे काढायला पाठवायचं, एवढी ही तपासणी.

सधन घरातल्या मुलाचं हे सहज होतं, कारण ते चौथीत असताना कुठल्या तरी निमित्ताने दंतवैद्याकडे जातं. बाकीच्यांच्या तोंडात कुणी बघतच नाही, दाढ ठणकेपर्यंत. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली की मागची कायमची दाढ पुढे सरकते, जागा बुजते आणि दातांची गर्दी होते. हीच गर्दी पुढे हजारोंच्या तारांनी सोडवायची असते.

बघणारी माणसं मात्र आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची फिरती पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात. पथकात आयुषचे दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत दातांची कीड आहे, दुभंगलेले ओठ-टाळू आहेत. वाट चुकलेला सुळा नाही, ओठाबाहेर आलेले दात नाहीत. चौथीच्या मुलांपुरते दोनच रकाने वाढवा: दोन्ही सुळ्यांचा फुगवटा लागतो का, आणि वरचे दात खालच्यांपेक्षा किती पुढे आहेत. दुसऱ्याला प्लास्टिकची छोटी पट्टी पुरते.

गैरवापर होईल, अशी शंका येणं रास्त आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये २०१०च्या सुमारास गरिबांच्या योजनेतून तारांवर झालेला खर्च बाकी सगळ्या राज्यांच्या एकत्रित खर्चाहून मोठा होता. गुणांकन कागदावर होतं, तपासायला कुणी नव्हतं. पण त्यावरून योजनाच नको असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. प्लास्टरचा साचा आणि फोटो दुसऱ्या डॉक्टरने, पैशाशी संबंध नसलेल्याने, पाहिल्याशिवाय मंजुरी नको, एवढाच धडा मी त्यातून घेतो. तसंही बाजारावर सोडून काय होतं ते दिसलंच आहे. घरबसल्या अलायनर पाठवणारी स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३मध्ये बंद झाली आणि उपचार अर्ध्यावर असलेले रुग्ण वाऱ्यावर सुटले.

सुरुवात कुठून करायची हेही स्पष्ट आहे. दुभंगलेल्या ओठ-टाळूची मुलं बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत नावानिशी आहेत. त्यांच्या शस्त्रक्रियेला सरकारी योजनेचा किंवा धर्मादाय संस्थेचा पैसा मिळतो, शस्त्रक्रियेनंतरचा फोटोही छापून येतो. पुढचं काम मात्र आठ-नऊ वर्षांनी येतं. सुळा उतरण्याआधी हिरडीतल्या फटीत हाड भरावं लागतं, त्याआधी बऱ्याचदा आकसलेला वरचा जबडा तारांनी रुंद करावा लागतो, आणि हे वय हुकलं की हाड तितकं नीट धरत नाही. तोवर फाइल बंद झालेली असते, घराने गाव बदललेलं असतं, आणि त्या मुलाला तारा हौसेखातर हव्या आहेत असं समजून टाळलं जातं. या मुलांच्या तारा पूर्ण मोफत कराव्यात, सोबत आईच्या प्रवासभाड्याची आणि बुडालेल्या रोजीची रक्कम थेट तिच्या खात्यात जमा करावी आणि जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला वार शासकीय दंत महाविद्यालयाच्या ऑर्थो, म्हणजे तारा लावणाऱ्या, विभागाने चालवावा. तज्ज्ञ एकटा बसने आला, तर वीस आयांचा खाडा वाचेल.