उभ्या माणसाच्या डोक्यातलं रक्त

‘शीर्षासनात डोक्यात रक्त तुंबत नाही का?’ असं एका वाचकाने विचारलंय. मला उलटाच प्रश्न पडतो. आपण सरळ उभे असताना ते खाली येतं कुठून?

पुस्तकी उत्तर सोपं आहे. डोक्याच्या मागचा उंचवटा बोटाने चाचपून बघा. साधारण त्याच्याच आत, मेंदूवरच्या जाड आवरणात, शिरांचं रक्त वाहून आणणाऱ्या नाल्यांचा संगम आहे. तिथून दोन फाटे कानांमागून वळसा घेतात आणि मानेतल्या जुग्युलर शिरांना मिळतात. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त! अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने बावीसशेहून अधिक वर्षांपूर्वी या संगमाला द्राक्षं तुडवायच्या हौदाचं नाव दिलं. (आपल्याकडचा असता तर त्याला गुऱ्हाळ आठवलं असतं.) त्याचे ग्रंथ हरवले; हे नाव आपल्याला कळलं ते नंतरच्या गेलन या वैद्यामुळे, आणि मेंदूतल्या मोठ्या शिरेला नाव मिळालं तेही गेलनचंच.

गोम पुढे आहे. आपण उभे राहिलो की मानेतल्या जुग्युलर शिरा हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारख्या चपट्या होतात. कवटीतल्या नाल्या मात्र ताठ आवरणामुळे उघड्याच राहतात. म्हणून तर रुग्णाला बसवून मेंदूची शस्त्रक्रिया करताना नालीला छेद गेला, तर हवा आत ओढली जाऊ शकते आणि भूलतज्ज्ञाला घाम फुटतो.

मग रक्त उतरतं कुठून? बरंचसं मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून. त्यात झडपा नाहीत, रक्त दोन्हीकडे वाहू शकतं. जाळं ओळखलं जातं बॅट्सनच्या नावाने, त्याच्या 1940 च्या लेखामुळे. पॅरिसच्या ब्रेशेने ते शतकभर आधी तपशीलवार चितारलं होतं, पण त्याची आठवण कोण काढतो? शरीररचना आपण शिकलो टेबलावरच्या आडव्या देहांवरून, आणि आडव्या माणसात सगळा मान जुग्युलरचा.

वजनच नसेल तर? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंतराळ स्थानकातल्या 11 जणांची डावी जुग्युलर तपासली होती. सहा जणांत रक्त थबकलेलं किंवा उलटं वाहताना दिसलं. एकाच्या शिरेत तर गुठळी सापडली.

आता शीर्षासन. चेहरा लाल होतो, शिरा टम्म फुगतात, पण त्या फुगलेल्या म्हणजेच उघड्या असतात; रक्त वाहतच राहतं. काचबिंदूवाल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय वर करू नयेत. डोळ्यातला दाब या आसनात दुपटीच्या आसपास चढतो.