रोजची मोटार आणि हौसेचे फेरफार

ज्या घरांत दहाबारा माणसें एकत्र नांदतात, तेथें मोटार एकाच्या नांवावर असली तरी ती सगळ्यांची असते. सकाळीं ती नोकरदारास कचेरींत नेते, दुपारीं वडील माणसांस डॉक्टरांकडे पोंचविते आणि रविवारीं मुलाबाळांस घेऊन घाट चढते. अशा घरांतील एखाद्या तरुणास वेगाची गोडी लागून गाडीच्या यंत्रांत फेरफार करून घेण्याची हौस उत्पन्न झाली, म्हणजे तो प्रश्न त्या तरुणापुरता राहत नाहीं. रोज वापरावयाच्या वेगवान गाडींत असे फेरफार केल्यानें तिचा भरंवसा कमी होतो किंवा कसें, याचा विचार सर्व घरास करावा लागतो.

आमच्या मावळांतील शिरगांवीं हा प्रश्न आतां केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं. 2002 सालीं द्रुतगति मार्ग सुरू झाला, चाकण-तळेगांवास मोटारींचे कारखाने आले, हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या आल्या, आणि सोमाटणे फाट्यावर पहांटे उभें राहिलें असतां लोणावळ्याकडे धांवणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकूनच कोणती गाडी कारखान्यांतून आली तशी आहे व कोणतीवर कोणाचा हात फिरला आहे, हें आमच्यासारख्या अनभिज्ञासही कळूं लागलें.

खऱ्या अर्थानें स्पोर्ट्स कार म्हणावी अशी मोटार आपल्याकडे विरळाच. आपल्या मध्यमवर्गाची वेगवान गाडी म्हणजे चाकणच्या कारखान्यांत तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, किंवा 2015 सालीं बाजारांत आलेली रांजणगांवची अबार्थ पुंटो. या दोन्ही गाड्यांचें उत्पादन आतां बंद झालें आहे. परंतु त्या रस्त्यावर पुष्कळ दिसतात, आणि फेरफार करणारांची त्यांवर विशेष प्रीति आहे. आम्हांसही या दोन गाड्या उदाहरणादाखल फार सोयीच्या वाटतात.

कोणतेंही यंत्र बांधणारा त्यांत कांहीं शक्ति शिल्लक ठेवतो. पोलो जीटीचें इंजिन जास्तींत जास्त 175 न्यूटन-मीटर पीळ देतें. पीळ म्हणजे ज्यास इंग्रजी जाणणारे टॉर्क म्हणतात तो. त्या गाडीच्या दुहेरी कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स मात्र 250 न्यूटन-मीटरपर्यंत पीळ सोसण्यासाठीं बांधलेला आहे. आतां फेरफार करणारा कारागीर इंजिनाच्या संगणकांतील आज्ञा बदलून, ज्यास ही मंडळी रीमॅप म्हणतात तें करून, पीळ चतुर्थांशानें वाढवून देतों म्हणतो. हिशेब केला तर तो 250 च्या आंतच राहतो; मग भीति कसली, असें तरुण मंडळी विचारतात.

हिशेब बरोबर आहे, परंतु शिल्लक कोणासाठीं ठेवली होती हें त्यांत आलेलें नाहीं. मे महिन्यांतील दुपार, पेट्रोलचा कमीअधिक दर्जा, लांबलेली सर्व्हिसिंग, टोलनाक्यावर अर्धा तास इंचाइंचानें सरकणारी रांग, आणि आंत पांच माणसें व वर सामान असतां घाटांत पुन्हां पुन्हां थांबून चढणें, या सर्वांसाठीं ती ठेवलेली असते. कोरडा क्लच अशा सरपटण्यांतच सर्वांत अधिक तापतो व झिजतो. फेरफार करणारा ती शिल्लक वेगासाठीं आधींच खर्चून टाकतो. गाडी त्या दिवशीं मोडत नाहीं. पुढें अडचणीच्या दिवशीं जी टिकली असती ती टिकत नाहीं.

याउलट कारखाना स्वतः गाडी वेगवान करावयास निघाला म्हणजे काय करतो तें पाहावें. फियाटचें 1.4 लिटरचें टर्बो इंजिन लिनिया टी-जेट या गाडींत सुमारें 114 अश्वशक्ति व 207 न्यूटन-मीटर पीळ देत होतें. तेंच अबार्थ पुंटोंत बसवितांना अश्वशक्ति 145 वर नेली, परंतु पीळ ठेवला अवघा 212. म्हणजे शक्ति चतुर्थांशाहून अधिक वाढली आणि पीळ पांचच अंशांनीं. क्लचवर व गिअरच्या दांत्यांवर जो ताण पडतो तो पिळाचा, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांतील शहाणपण उमगतें. शिवाय चारही चाकांस डिस्क ब्रेक दिले, स्प्रिंगा कठीण केल्या आणि गाडी जमिनीकडे थोडी खालीं आणली. बाजारांतील फेरफार बहुधा नेमका उलट असतो. पेडल दाबतांच पाठीस जो धक्का बसतो तो पिळाचा, आणि गिऱ्हाईक पैसे देतें त्या धक्क्यासाठीं. म्हणून पीळ वाढतो, आणि ब्रेक होते तेच राहतात.

उष्णतेसंबंधीं दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. सायकलच्या पंपानें हवा भरतांना पंप तापतो हें प्रत्येक मुलास ठाऊक असतें. टर्बो हेंच काम करतो. दाब जितका वाढवावा तितकी इंजिनांत जाणारी हवा अधिक तापते. अशा तापलेल्या हवेंत ठिणगीचा जाळ सर्वत्र पोंचण्याच्या आधींच पेट्रोलचें मिश्रण एका कोपऱ्यांत आपोआप पेटतें, आणि पिस्टनवर हातोड्यासारखा घाव बसतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारें साडेपांचशें मीटरांची चढण आहे. उन्हाळ्यांत ती चढतांना हा प्रसंग अधिक संभवतो. गाडीचा संगणक हे घाव ओळखून ठिणगी उशीरानें पाडतो व इंजिनास वांचवितो. तेव्हां जेथें वाढीव शक्ति हवी तेथेंच ती आंखडती घेतली जाते, आणि जेथें रीमॅप करणारानें या संरक्षणाशींही खेळ केला असेल तेथें पिस्टनच फुटतो.

याच घाटांत 1863 सालीं आगगाडीचा मार्ग खुला झाला. चढाव भारी म्हणून रेल्वेवाल्यांनीं गाडीचें इंजिन मर्यादेपलीकडे राबविलें नाहीं; कर्जतेस गाडीमागें जादा इंजिनें जोडण्याची वहिवाट पडली. उतरतांना गाडी अनावर झालीच तर तिला वळवून घेण्यासाठीं चढत्या बाजूस नेलेले रूळही त्यांनीं घातले. चढण्याची व थांबण्याची सोय त्यांनीं एकाच वेळीं पाहिली. मोटारीसही हा न्याय लागू आहे. वेग ताशीं 100 किलोमीटरांवरून 120 वर नेला तर ब्रेकांनीं गिळावयाची शक्ति एकपंचमांशानें नव्हे, 44 टक्क्यांनीं वाढते.

गाडी खालीं बसविणें व मोठीं चाकें लावणें यांविषयीं फार लिहावयास नको. आमच्या गांवचे गतिरोधक तें काम लेखापेक्षां चांगलें करतात. एवढेंच कीं, स्प्रिंग आंखूड केली आणि शॉक-ॲब्सॉर्बर जुनेच ठेवले तर ते लौकर गळूं लागतात, टायर आंतल्या कडेनें झिजतात, आणि पातळ टायर खड्ड्यांत आदळला म्हणजे चाकाची कड वांकते. उघड्या फिल्टरनें आवाज तेवढा वाढतो. तो बॉनेटखालची तापलेलीच हवा ओढतो, आणि पावसाळ्यांत पाणी ओढण्याचें भय निराळेंच.

परंतु सर्वच फेरफार वाईट, असें म्हणणें अन्यायाचें होईल. उत्तम प्रतीचे ब्रेक पॅड, वेळच्या वेळीं बदललेलें ब्रेक-तेल (तें हवेंतील ओलावा शोषतें, आणि ओलावलेलें तेल घाट उतरतांना लौकर उकळतें), चांगले टायर, आणि इंजिनाचें तेल नेमल्या मुदतीच्या आधींच बदलणें, यांनीं गाडीचा भरंवसा वाढतो. दुर्दैवानें यांचा आवाज होत नाहीं, म्हणून त्यांची हौस कोणास नाहीं.

आमचे एक पुतणे हिंजवडीस नोकरीस आहेत. त्यांची गाडी अशाच जातीची आहे. रीमॅपचा विषय निघाला तेव्हां ते म्हणाले, “अण्णा, माझ्या ओळखीच्या पांच जणांनीं करून घेतलें. वर्ष झालें, कोणाचेंही कांहीं बिघडलें नाहीं.” आम्हीं त्यांस तर्कशास्त्रांतील भूयोदर्शनाची आठवण दिली. पुष्कळ वेळां पाहिलें म्हणून नियम सिद्ध होत नाहीं. उलट उदाहरणही शोधावें लागतें. रविवारीं लोणावळ्यास ज्या गाड्या जमतात त्या चालत आलेल्याच असणार. ज्यांचा क्लच जळाला त्या गॅरेजांत असतात, आणि ज्यांनीं गाडी विकली ते तेथें येतच नाहींत. शिवाय मित्रांच्या गाड्या महिन्यांतून चार वेळां धांवतात. आमच्या घरची गाडी रोज धांवते, आणि तिच्यांतून आठवड्यांतून तीन वेळां आमच्या वहिनी डायलिसिसला जातात.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2019 मध्यें तें स्पष्ट केलें. कर्णकर्कश सायलेन्सर पोलिसांनीं रोडरोलरखालीं चिरडल्याचीं चित्रें वाचकांनीं पाहिलीं असतीलच. विमा कंपनीस न कळवितां केलेला फेरफार अपघातानंतर उघडकीस आला तर भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो, आणि कारखान्याची हमी तर आधींच जाते. पुतण्यांचें उत्तर असें कीं, संगणकांतील आज्ञा कोणास दिसत नाहींत. विमेदाराचा तज्ज्ञ तपासावयास बसला म्हणजे दिसतात, एवढेंच आम्हीं सांगितलें.

आमच्या मतें निर्णय गाडीवर तितका नाहीं, जितका घरांत दुसरी गाडी आहे कीं नाहीं यावर आहे. असली, तर पहिलीचा क्लच जळाला तरी नुकसान पैशांचेंच, आणि तें ज्याच्या हौसेचें त्यानें सोसावें. नसली, तर तें नुकसान दुसऱ्याच्या वाट्यास जातें, आणि त्याला कोणी विचारलेलेंही नसतें. पावसाळ्यापूर्वीं आमच्याकडे नवे टायर, पॅड व ब्रेक-तेल आलें. खर्च घरानें केला. रीमॅप दुसरी गाडी येईपर्यंत लांबणीवर पडला आहे. पुतण्यांस हें फारसें रुचलेलें नाहीं, आणि जेवतांना ते अजूनही 250 चा आंकडा काढतात. वहिनी मात्र एकदांच म्हणाल्या कीं, दुसरी गाडी घ्याल तेव्हां ती उंच घ्या, चढतां-उतरतां गुडघे दुखतात.