नातेखिंड ते पाचाड : ई-रिक्षाची ट्रायल

मंडळी, सपाट रस्त्यावर ई-रिक्षा कुणीही पळवेल. खरा कस लागतो चढाला. म्हणून महिंद्राची ट्रिओ महाडच्या नातेखिंडीतून थेट रायगडच्या पायथ्याला, पाचाडला नेली.

मोटर 8 किलोवॅटची, टॉर्क 42 न्यूटन-मीटर, आणि तो सुरुवातीपासूनच हाताशी. क्लच नाही, गिअर नाही. नात्यापर्यंत (सी. डी. देशमुखांचं जन्मगाव बरं का!) गाडी कसलाही खडखडाट न करता सुळकन जाते. पुढे चढ लागला की वेग उतरतो. पण मागे तीन सवाऱ्या असूनही दम सोडत नाही. चार्ज मात्र सपाटीपेक्षा भराभर खाली येतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटर होते, थोडी वीज बॅटरीत परतते. थोडीच हं! चढाला गेलेली सगळी परत मिळते असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

लिथियम-आयन बॅटरी 7.37 किलोवॅट-तासांची, म्हणजे फुल चार्जला साधारण आठ युनिट. घरच्या मोठ्या सॉकेटवर भरते.

आणि हो, ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेतली स्वस्त ई-रिक्षा वेगळी. आपल्या चढांना ती नको. घेणार असाल तर शोरूमसमोरच्या फेरीवर भागवू नका, माणसं बसवून चढावरच ट्रायल मागा.